घरच्या भिंतींची डागडुजी

घराच्या आतली भिंत डोळ्यांना एकसंध दिसत असली, तरी ती एकावर एक चढवलेल्या थरांची बनलेली असते. सर्वांत आत वीट, दगड, जांभा, काँक्रीट किंवा माती यांचा गाभा असतो; त्यावर सिमेंट-वाळूचा किंवा चुना-वाळूचा गिलावा येतो; गिलाव्याचा खरबरीतपणा झाकण्यासाठी पुट्टीचा, म्हणजे जुन्या रंगाऱ्यांच्या बोलीतल्या लांबीचा, पातळ थर चढतो आणि शेवटी प्रायमर व रंग लागतो. मुंबई-पुण्याकडील जुन्या इमारतींत पुट्टीच्या जागी नीरू आढळतो. मुरवून गाळलेल्या चुन्याचा लोण्यासारखा मऊ लगदा ओल्या गिलाव्यावर घोटून केलेल्या गुळगुळीत थराला हे नाव आहे. आतील भिंतीवरचा गिलावा साधारणपणे १२ ते १५ मिलीमीटर जाड असतो, पुट्टीची जाडी दीड मिलीमीटरच्या आसपास असते आणि रंग त्याहूनही कितीतरी पातळ असतो. भिंत खराब झाली असे म्हटले जाते, तेव्हा यांपैकी नेमका कोणता थर खराब झाला आहे, हे ठरवणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय; कारण रंगाचा दोष गिलाव्यात शोधला तर श्रम वाया जातात आणि गिलाव्याचा दोष रंगाने झाकला तर तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर येतो.

दोन तत्त्वे ध्यानात ठेवली, तर या कामाचा बराचसा भाग घरातील माणसाला स्वतः करता येतो. पहिले असे की, ज्या कारणाने भिंत बिघडली ते कारण दूर होईपर्यंत भिंतीला हात लावू नये. दुसरे तत्त्व तितकेसे परिचित नाही: दुरुस्तीसाठी वापरलेला माल मूळ भिंतीपेक्षा अधिक कठीण व अधिक कोंडणारा नसावा. मजबुतीच्या हौसेने घातलेले जास्तीचे सिमेंट वाळताना अधिक आकसते, आजूबाजूच्या जुन्या गिलाव्यापासून सुटते आणि ठिगळाच्या कडेने नवी भेग पाडते.

भेगांची भाषा

भेग कोठे आहे, कोणत्या दिशेने धावते आणि किती रुंद आहे, या तीन गोष्टींवरून तिच्या कारणाचा बराच अंदाज बांधता येतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, केसाएवढ्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या वरच्या भागापुरत्याच असतात. सिमेंटचे प्रमाण जास्त झाल्याने, गिलावा उन्हावाऱ्यात झपाट्याने वाळल्याने किंवा त्यावर पुरेसे दिवस पाणी न मारल्याने त्या पडतात आणि पुट्टीने सहज बुजतात. तुळई किंवा खांब जेथे विटांच्या भिंतीला भिडतो, तेथे सरळ रेषेत जाणारी भेग वेगळ्या कारणाची असते. उष्णतेने काँक्रीट विटेच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दिवसरात्र आणि उन्हाळा-हिवाळा यांच्या फेऱ्यांत हा सांधा सतत किंचित हलत राहतो. अशा हलत्या सांध्यात कडक सिमेंट भरले तर ते टिकत नाही, तेथे लवचीक भरणाच हवा. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघणाऱ्या बारीक भेगा चौकटीच्या कोपऱ्यात एकवटणाऱ्या ताणामुळे पडतात आणि त्या वाढत नसतील तर त्यांनाही घरच्या घरी भरता येते.

याउलट, विटांच्या सांध्यांमधून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जाणारी, एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती होणारी तिरपी भेग पायाची हालचाल सुचवते. मराठवाडा, विदर्भ आणि भीमा-कृष्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरांत हा प्रकार परिचित आहे. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि सुकल्यावर आकसते. शेतात उन्हाळ्यात ज्या खोल भेगा पडतात, त्यांचीच प्रतिकृती उथळ पायाच्या घराच्या भिंतीवर उमटते आणि उन्हाळ्यात रुंदावलेली भेग पावसाळ्यात मिटल्यासारखी दिसते.

भेग चालू आहे की थांबलेली आहे, हे ठरवण्याची सोपी रीत अशी की, तिच्यावर आडवी काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवावी किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसची टिकली लावावी, शेजारी तारीख लिहावी आणि काही महिने वाट पाहावी. काच किंवा टिकली तडकली तर भेग जिवंत आहे, असे समजावे. भेगेची रुंदी पाच मिलीमीटरपेक्षा अधिक असेल, ती भिंतीच्या आरपार गेली असेल, तिच्यामुळे दार-खिडकी अडकू लागली असेल, अथवा तुळई, खांब किंवा छतावर गंजाच्या तांबूस डागांसह सरळ रेषेत तडा गेला असेल, तर ते काम घरगुती दुरुस्तीच्या कक्षेबाहेरचे आहे. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक होते आणि ते आतून रेटा देऊन काँक्रीटचे कवच उडवते. अशा ठिकाणी वरून गिलावा थापणे म्हणजे रोग झाकणे होय. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करून घेण्याची तरतूद आहे, ती याच कारणासाठी.

ओल आणि लोणा

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर, आतल्या भिंती बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण ओल हे आहे. ओल तीन वाटांनी येते. पहिली वाट जमिनीकडून वर चढणारी: वीट, जांभा आणि गिलावा यांतील सूक्ष्म नळ्यांमधून पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे वर ओढले जाते. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घातलेला नसेल किंवा तो तुटला असेल, तर ही ओल जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीपर्यंत पट्ट्यासारखी दिसते. दुसरी वाट बाहेरून आत येणारी: पावसाच्या माऱ्याची पश्चिमेकडील भिंत, खिडकीच्या खालचा सांधा, गच्ची, बाहेरच्या गिलाव्यातील भेगा. तिसरी वाट घरातल्याच पाण्याची: न्हाणीघर, मोरी, भिंतीत दडवलेले नळ आणि वरच्या मजल्यावरचे सांडपाणी.

डागाचे वागणे पाहिले की वाट सापडते. पावसाळ्यात वाढणारा आणि उन्हाळ्यात सुकणारा डाग बहुधा बाहेरच्या पाण्याचा असतो, तर बारमाही ओला राहणारा डाग नळाचा किंवा न्हाणीघराचा असतो. घरातील सर्व तोट्या बंद करूनही पाण्याचे मीटर फिरत राहिले, तर नळ कोठेतरी झिरपत आहे हे उघड होते. भिंतीतील ओल आणि खोलीतील दमट हवेचे बाष्प यांत फरक करायचा असेल, तर फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीवर चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूवर थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे आणि बाहेरच्या बाजूवर जमले तर दोष खोलीतील कोंदट हवेचा आहे. सहनिवासात हा शोध आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो: आदर्श उपविधींनुसार गच्ची व बाहेरच्या भिंतीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेकडे येते, तर सदनिकेतील न्हाणीघर, मोरी यांच्या गळतीची जबाबदारी त्या सभासदावर असते.

पाण्याबरोबर क्षारही प्रवास करतात. माती, वीट, वाळू किंवा बोअरचे पाणी यांतले क्षार विरघळून भिंतीच्या पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून गेले की तेथे त्यांचे स्फटिक बनतात आणि पांढरा, भुरभुरीत थर दिसू लागतो. यालाच लोणा लागणे म्हणतात. हे स्फटिक रंगाखाली किंवा गिलाव्याच्या आत वाढले की त्यांच्या दाबाने रंगाचे पोपडे सुटतात आणि गिलावा बोटाने खरवडता येईल इतका ठिसूळ होतो. लोणा पाण्याने धुण्याची चूक पुष्कळ घरांत होते; तसे केल्याने क्षार पुन्हा विरघळून भिंतीत शिरतात. तो कोरड्या ब्रशने झाडून, खाली पडलेली पूड भरून घराबाहेर टाकणे योग्य. त्याचप्रमाणे ओल्या भिंतीवर लावलेला जलरोधक रंग पाण्याला थांबवत नाही, केवळ कोंडतो, आणि कोंडलेली ओल थोड्या अंतरावर दुसरी वाट शोधते.

माल निवडताना

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये घेतले. त्यापूर्वीच्या इमारती चुन्यावर किंवा मातीवर उभ्या होत्या आणि त्यांतील अनेक आजही उभ्या आहेत. घरगुती दुरुस्तीत सिमेंट, पुट्टी, प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि चुना असे चार प्रकारचे माल वापरले जातात आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग करून घट्ट होते, म्हणून त्याला काही दिवस ओले ठेवावे लागते. पांढऱ्या सिमेंटपासून बनवलेली पुट्टी याच जातीची असून ती पातळ थरांतच वापरायची असते. तिने खोल खड्डा एका दमात भरला तर ती तडकते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम हे खनिज सुमारे १५० अंश सेल्सियसला भाजून त्यातील बरेचसे पाणी काढून टाकल्यावर उरलेली पूड. पाणी मिसळताच ती पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होते आणि वाळताना आकसत नाही, हा तिचा गुण. परंतु जिप्सम पाण्यात काही अंशी विरघळत असल्याने न्हाणीघराला लागून असलेल्या किंवा ओल्या भिंतीवर ती निरुपयोगी ठरते. अलीकडच्या अनेक सदनिकांत आतून सिमेंटऐवजी जिप्समचाच गिलावा केलेला असतो. तो नखाने ओरखडला जातो आणि ठोकल्यावर मऊ लागतो, त्यावरून ओळखता येतो, आणि त्याची दुरुस्तीही जिप्समच्या मालानेच करावी लागते. चुन्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

हत्यारे थोडीच लागतात: पुट्टीचा पत्रा, थापी, रंधा, छन्नी-हातोडी, तारेचा ब्रश, घमेले, चाळणी, सरळ लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आणि निरनिराळ्या नंबरांचे पॉलिश पेपर. रंधा हे येथे सुताराचे हत्यार नसून गिलावा सपाट घासण्यासाठी गवंडी वापरतात ती मुठीची लाकडी फळी होय.

खिळ्याच्या भोकापासून गिलाव्याच्या ठिगळापर्यंत

सर्वांत सोपे काम खिळ्याचे किंवा ड्रिलचे भोक बुजवण्याचे. आतील प्लॅस्टिकची खुंटी काढून, कडेचा सुटलेला रंग खरवडून आणि धूळ ब्रशने झाडून भोक किंचित ओले करावे व पुट्टी आतपर्यंत दाबून भरावी. खोल भोकात ती दोन वेळा भरावी लागते, कारण पहिली भरण वाळताना थोडी बसते. पूर्ण वाळल्यावर १२० नंबरच्या आणि नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती जागा सभोवतालाशी एकजीव करावी.

भेग भरताना ती आधी मोठी करावी लागते. वरवरच्या जाळीदार भेगा वगळता, बारीक भेगेवर नुसती पुट्टी फासली तर ती वरच्यावर राहते. म्हणून छन्नीच्या टोकाने किंवा पत्र्याच्या कोपऱ्याने भेगेच्या लांबीभर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची, सुमारे पाच मिलीमीटर खोल खाच करून, धूळ काढून, तीत भेगा भरण्यासाठी मिळणारा ॲक्रिलिक भरणा दाबून बसवतात. काँक्रीट आणि वीट यांच्या हलत्या सांध्यावर भरण्यानंतर फायबरच्या जाळीची पट्टी चिकटवून तिच्यावर पुट्टीचे दोन पातळ हात दिले, तर सांध्याची हालचाल रुंद क्षेत्रावर वाटली जाते आणि भेग लगेच वर उमटत नाही.

गिलाव्याचे ठिगळ हे या सर्वांत कौशल्याचे काम होय. प्रथम हातोडीच्या दांड्याने किंवा बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून पाहावी: घट्ट गिलाव्याचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या गिलाव्याचा बद्द. बद्द आवाजाच्या भागाची पेन्सिलीने हद्द आखून तेवढा गिलावा विटेपर्यंत काढावा, कडा चौकोनी व आतल्या बाजूस किंचित कापलेल्या ठेवाव्यात, विटांमधील सांधे सुमारे एक सेंटीमीटर खोल खरवडावेत आणि उघडा पृष्ठभाग गुळगुळीत काँक्रीटचा असेल तर त्यावर छन्नीने टाचे मारावेत, म्हणजे नव्या मालाला धरायला जागा मिळते. नंतर विटा भरपूर भिजवाव्यात; कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते, सिमेंटची प्रक्रिया अर्धवट राहते आणि ठिगळ पुन्हा पोकळ होते. मात्र माल लावताना विटेवर पाण्याचा तवंग नसावा.

आतील भिंतीसाठी एक भाग सिमेंट आणि सहा भाग चाळलेली वाळू हे प्रचलित प्रमाण आहे. फूटभर लांब, फूटभर रुंद आणि १२ मिलीमीटर खोल ठिगळाला साधारण दीड लिटर कोरडा माल, म्हणजे जेमतेम तीनशे ग्रॅम सिमेंट लागते, हे लक्षात घेता अख्खे पोते आणण्याऐवजी दुकानातून सुटे सिमेंट घेणे शहाणपणाचे, कारण फोडलेले पोते दमट हवेत लवकर गोठते. सिमेंट आणि वाळू कोरडीच एकरंग होईपर्यंत मिसळून, थापीवर उभा राहील इतकाच घट्ट माल कालवावा आणि तो अर्ध्या तासात संपवावा. आळत चाललेल्या मालात पुन्हा पाणी घालणे म्हणजे त्याची ताकद घालवणे होय. विटेवर सिमेंटच्या पातळ कालवणाचा एक हात मारून, ते वाळण्याआधीच थापीने माल जोर देऊन मारावा, पट्टी जुन्या गिलाव्यावर टेकवून जास्तीचा माल ओढून घ्यावा आणि पुट्टीसाठी मिलीमीटरभर जागा सोडून रंध्याने गोल घासावे. खड्डा १५ मिलीमीटरहून खोल असेल तर दोन थर द्यावेत आणि पहिल्या थरावर चरे ओढून ठेवावेत. त्यानंतर किमान सात दिवस त्यावर पाणी मारावे.

रंगाची घाई येथेच नडते. ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यावर लगेच लावलेला रंग विटतो किंवा सुटतो; म्हणून नव्या गिलाव्याला रंगापूर्वी सुमारे महिनाभर वाळू देण्याची पद्धत आहे. पुढे पुट्टी, घासणी आणि प्रायमर झाल्यावर रंगाचा हात केवळ ठिगळावर न देता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत संपूर्ण भिंतीवर दिला, तरच जुन्या-नव्या छटेतला फरक झाकला जातो.

माती आणि चुन्याच्या भिंती

गावाकडील घरे आणि जुने वाडे यांच्या बाबतीत वर सांगितलेले सिमेंटचे तंत्र जसेच्या तसे लावणे हानिकारक ठरते. पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती हवेतील ओल घेतात आणि सोडतात. त्यांवर सिमेंटचे कवच चढवले की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, मातीचा गाभा आतल्या आत भुसभुशीत होतो आणि एक दिवस गिलाव्याचा मोठा पापुद्रा मातीसकट गळून पडतो. अशा भिंतीला मातीचाच गिलावा हवा: चाळलेली माती, तूस किंवा बारीक काड आणि शेण एकत्र भिजवून काही दिवस कुजवलेला गारा भेगांत दाबून भरायचा आणि वरून पोतेरा घ्यायचा. यातील काड आणि तूस मालाला धरून ठेवतात व आकसताना पडणाऱ्या भेगा रोखतात. ही युक्ती फार जुनी आहे. अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीच्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू व भाताचे तूस आहे आणि वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष आढळले आहेत.

चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच्या रूपात जातो. सिमेंटच्या मानाने तो मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणूनच घराची बारीकसारीक हालचाल तो सहन करतो. पूर्वी गडकिल्ल्यांवर बैलांच्या घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांसारखे पदार्थ मिसळत. वाड्याच्या भिंतीत लहान दुरुस्ती करताना पाण्यात मुरवलेला एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा माल पातळ थरांत देऊन, ओले गोणपाट टांगून तो सावकाश वाळू दिला, तर जुन्या गिलाव्याशी त्याचे जमते. कळीचा चुना घरी विझवण्याचा खटाटोप मात्र टाळावा. पाणी पडताच तो उकळून उडतो आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकतो.

सावधगिरी आणि वेळापत्रक

सिमेंट आणि चुना त्वचेला भाजतात, म्हणून रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. भिंत फोडण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा; बटणांच्या फळीच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत तारांच्या नळ्या असण्याचा संभव सर्वाधिक असतो. जुना रंग घासताना आणखी एक धोका असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः तैलरंगांत, शिसे असू शकते. म्हणून असे पृष्ठभाग कोरडे न घासता ओले करून घासावेत, तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क असावा आणि लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या काळात खोलीपासून दूर ठेवावे.

या साऱ्या कामाचा क्रम ऋतूंशी जुळवला तर निम्मी अडचण दूर होते. महाराष्ट्रात घर रंगवण्याची रूढ वेळ दिवाळीच्या आधीची आहे. पण पाऊस ऑक्टोबरात माघार घेतो आणि पावसाळाभर भिजलेली विटेची भिंत दोन-तीन आठवड्यांत आतून सुकत नाही. एक इंच जाडी सुकायला सुमारे एक महिना, असा एक ढोबळ हिशेब इमारतींच्या जतनाच्या क्षेत्रात धरला जातो. दिवाळीला लावलेला रंग वर्षाच्या आत पोपडे धरतो, त्यात रंगाच्या प्रतीचा दोष कित्येकदा नसतोच. पावसाळ्यात डागांच्या हद्दी पेन्सिलीने आखून त्यांवर तारखा घालाव्यात, पाऊस थांबल्यावर बाहेरच्या भेगा, गच्ची आणि नळ यांची दुरुस्ती उरकावी, हिवाळाभर खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळू द्यावी आणि गिलावा, पुट्टी व रंग ही आतली कामे फेब्रुवारीपासून मेपर्यंत करावीत. मग पुढच्या श्रावणात त्याच जागी तळहात टेकवून पाहावा. भिंत कोरडी लागली, तर ठिगळ बसले आणि निदानही बरोबर होते, असे समजण्यास हरकत नाही.